एक आकडो दी गो

हळर्ण, पेडणे
१२ जानेवारी २०२५

ती. यशवंतमामांस,
सुविधाचा नमस्कार.

पत्र लिहायची सवय शाळेतच सुटली, तेव्हा चुकलं तर हसू नका. तुषारच्या बाराव्याला तुम्ही आलात, फणसाखालच्या दगडावर बसलात आणि पानावर न बसताच निघून गेलात. जाताना सासूबाईंच्या हातात चिठ्ठी दिलीत : फोनवर मला ऐकू येत नाही, काही अडलं तर लिहून कळवा. आज अडलंय.

त्याची मोटारसायकल डिसेंबरात पोलीस ठाण्यातून घरी आली. साईशभावजींनी हँडल सरळ केलं, पुढची काच बदलली. किक मारली तर लगेच चालू होते. मला ती हवी आहे, मामा. धारगळला औषधांच्या दुकानात काम मिळालंय आणि आमची बस कधी येते ते बसवाल्यालाही ठाऊक नसतं. चालवायला तुषारनेच शिकवलं होतं, किल्ल्यामागच्या मोकळ्या जागेत. दोनदा पडले तेव्हा तो उचलायच्या आधी पोटभर हसला होता.

अडचण मागच्या चाकाची आहे. अंगणात फिरवून बघते तेव्हा दहातल्या नऊ वेळा ब्रेक नीट लागतो. दहाव्या वेळी मागून ‘टक्’ असा आवाज येतो आणि चाक जागीच थांबतं, कोणी दोन्ही हातांनी धरून ठेवल्यासारखं. गाडी थोडी मागे ढकलली की सुटतं. सासूबाई म्हणतात, “गाडयेर तो आसा. तोच धरता.” तो पडला त्या वळणावर राखणदाराची घुमटी आहे ना, तिथे त्या दर रविवारी रोट नेऊन ठेवतात. मी असल्या गोष्टी मानणारी नव्हते. पण दुपारी सगळे आडवे झाले की सोप्यावर उभ्या असलेल्या गाडीतून तसाच आवाज येतो. एकदाच, टक्. मी स्वतः ऐकलाय.

शेवटचं काम तुमच्या हातचं. तो पडला त्याच्या आदल्याच दिवशी तुम्ही मागचा टायर बदलून दिला होता. म्हणून तुम्हालाच विचारते : हे यंत्राचं आहे की त्याचं? तो माझ्यावर रागावून चाक धरत असेल, तर त्याला तसं कारण आहे. ते आत्ता लिहवत नाही.

तुमची भाचेसून,
सुविधा


सुर्ला, डिचोली
२० जानेवारी २०२५

चि. सुविधा,
आशीर्वाद. आधी ‘चि. सौ.’ लिहिलं आणि मग खोडलं. वाईट वाटून घेऊ नकोस, हाताला सवय आहे.

त्या गाडीवर अजिबात बसू नकोस. भंगारवाल्याला देऊन टाक. खाणीचे टिप्पर दुरुस्त करण्यात माझे कान गेले आणि मोटारसायकली उघडण्यात डोळे चाललेत, त्या अनुभवावरून सांगतो, पडलेली गाडी घरात ठेवू नये. तुझ्यासाठी एखादी चांगली स्कूटर मी बघतो.

भूतबित काही नाही. असतं तर चाळीस वर्षांत एकदा तरी मला गाराजात पाना उचलून दिला असता.

एवढ्याने तुझं समाधान होणार नाही, तेही मला ठाऊक आहे. माझी बहीण ज्या घरात नांदते तिथे कोणी एका सांगण्याने ऐकलंय असं घडलेलं नाही. तर मग बघ, पण फक्त बघ. गाडी मधल्या स्टँडवर लाव. मागचं चाक हाताने फिरव, अडखळतं का ते बघ. चेन मधोमध दोन बोटं खालीवर व्हायला हवी, जास्त नको. चाक ओढायच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का ते पाहा, नाहीतर चाक तिरकं बसतं. ब्रेकच्या पायाला किती ढील आहे तेही बघ. टायर बदलल्यावर एवढ्याच गोष्टींत चुका होतात.

हात लावू नकोस. काय दिसलं ते कळव. प्रभावती कशी आहे?

मामा


हळर्ण
२७ जानेवारी २०२५

ती. मामांस नमस्कार.

गाडी भंगारात देणार नाही. एकदा सांगितलं, आता परत लिहू नका.

तुम्ही सांगितलंत तसं सगळं पाहिलं. चाक हाताने फिरवलं तर गुळगुळीत फिरतं. चेनची ढील दोन बोटं, मोजून. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या. ब्रेकचा पाय बोटभर खाली जातो मग पकडतो. म्हणजे तुमचं काम चोख आहे, मामा, ते बघून बरं वाटलं.

पण एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीत. गाडीवर बसल्यावर जो उजवा हात तो उजवा ना? त्या बाजूला चाकाच्या मध्यावर एक गोल झाकण आहे, ब्रेकची तार-कांडी त्यालाच येते. त्या झाकणापासून पुढे, चाक ज्यात बसतं त्या चिमट्यापर्यंत एक हातभर लोखंडी पट्टी जाते. तिचं पुढचं टोक बोल्टने घट्ट आहे. मागचं टोक मात्र नुसत्या बांधायच्या तारेने बांधलंय. साईशभावजींना विचारलं. ते म्हणाले, “गाडी हाडली तेन्ना ती पट्टी लोंबकळताली. बोल्ट ना, नट ना. मी तार मारून दवरली.” तार आता ढिली झालीय. मी ब्रेक दाबला तेव्हा ते अख्खं झाकण चाकाबरोबर जरासं फिरलं, तार ताणली गेली आणि आवाज आला. टक्.

ही पट्टी कशासाठी असते?

सासूबाई बऱ्या आहेत, पण गाडीकडे पाठ करूनच बसतात. काल म्हणाल्या, “तेका कितें सांगपाचें आसा तें सांगूं दी आनी सुटूं दी.” मला रात्रभर तेच वाक्य ऐकू येत होतं. त्याला काय सांगायचं असेल ते मला माहीत आहे असं वाटतं आणि मग चूल पेटवायलाही हात उचलत नाही.

सुविधा


सुर्ला
११ फेब्रुवारी २०२५

चि. सुविधा,
उत्तराला उशीर झाला. अंगात कणकण होती.

तू ब्रेक दाबतेस तेव्हा आतले दोन शू फाकतात आणि फिरणाऱ्या चाकाला आतून घट्ट पकडतात. पकडलं की चाक त्यांना आपल्याबरोबर ओढू बघतं. शू बसलेले असतात त्या झाकणावर, म्हणजे झाकणही फिरू बघतं. त्याला जागेवर धरून ठेवते ती ही पट्टी. दुसरं काम नाही तिचं. पट्टी सुटली की झाकण गरकन फिरतं, ब्रेकची कांडी त्याच्याबरोबर ओढली जाते, ब्रेक आणखी आवळतो आणि चाक जाम होतं. वरच्या माणसाला वाटतं कोणीतरी मागून धरलं. म्हणून मागे ढकललं की सुटतं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे : यंत्राचं आहे. तुषारचं नाही. प्रभावतीलाही वाचून दाखव.

पट्टी आपटल्यावर सुटली असेल. अपघातात असं होतं.

पाकिटात बोल्ट, नट आणि स्प्लिट पिन घातली आहे. बोल्ट पट्टीतून आणि झाकणाच्या कानातून घाल, नट साईशला चांगला आवळायला सांग. बोल्टच्या टोकाला भोक आहे, त्यातून पिन ओवायची आणि तिचे दोन्ही पाय दोन बाजूंना वाकवायचे. नट कितीही आवळला तरी हादऱ्यांनी मागे फिरतो. पिन त्याला फिरू देत नाही. पिनेशिवाय गाडी दारातूनही बाहेर काढू नकोस.

मामा


हळर्ण
१७ फेब्रुवारी २०२५

मामा,

पिन मिळाली. पाकीट उलटं केलं तर बोल्ट आणि नट आधी पडले, मग ती तारेची दोन पायांची पिन तळहातावर पडली. मी बघतच राहिले. साईशभावजी पाना घेऊन उभे होते, विचारत होते काय झालं. माझ्या अंबाड्यात तशाच सहा होत्या. दोन पायांच्या, तारेच्या. आकडे.

आता सगळं लिहिते. कोणाला सांगितलेलं नाही.

त्या सकाळी, शनिवारी, मी आत तांदूळ निवडत होते. तुषार बाहेर गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. तिथूनच हाक मारली, “सुविधा, एक आकडो दी गो.”

तुम्हाला ठाऊक आहे त्याला मटक्याचा नाद होता. बायकोला स्वप्न पडलं की आकडा लागतो असं त्या लोकांत मानतात. पहिली दोन वर्षं तो रोज सकाळी तेच मागायचा, सपनात कितें पळयलें, एक आकडो दी. आमची सगळी भांडणं त्यावरून. मधे बरेच दिवस त्याने मागितला नव्हता आणि त्या दिवशी पुन्हा मागितला. माझं डोकं फिरलं. मान वर न करता मी म्हटलं, “मसणात जा आनी थंय माग आकडो.”

तो हसल्याचं ऐकू आलं. मला वाटलं निर्लज्जपणे हसतोय. “बरां गो,” म्हणाला. थोड्या वेळाने गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी बाहेर बघायलाही गेले नाही. दुसऱ्या दिवशी त्याला खरंच तिथे नेलं.

इतके दिवस मला वाटत होतं की माझी जीभ बाधली. आता त्याहून वाईट कळलंय. तो केसातला आकडा मागत होता. त्या बोल्टच्या भोकात घालायला. म्हणजे पिन अपघातात पडली नाही मामा, आधीच नव्हती. तुम्ही घातलेली पिन सुर्ल्याच्या त्या खड्ड्यांत कुठेतरी निसटली असणार, त्याने सकाळी ते पाहिलं आणि तिच्या जागी घालायला एक आकडा मागितला. माझ्या डोक्यात सहा होते. एक काढून दिला असता तर.

चाक त्याने नव्हतं धरलं. मी धरलं.

तुम्ही म्हणालात उत्तर मिळालं, यंत्राचं आहे. नाही. आता मी कोणत्या तोंडाने सासूबाईंना रोज पेज वाढू? त्या माझ्या हातचं घेतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी माहेरी बांद्याला निघून जायचं ठरवलंय. जायच्या आधी त्यांना सगळं सांगणार. गाडी साईशभावजी काय ती विल्हेवाट लावतील. पट्टी अजून तशीच आहे, पिन घातलेली नाही.

सुविधा


सुर्ला
२० फेब्रुवारी २०२५

सुविधा,

कुठेही जाऊ नकोस. हे पत्र पुरं वाच आणि मग प्रभावतीला मोठ्याने वाचून दाखव. तिला माझं अक्षर लागत नाही.

पिन खड्ड्यात निसटली नाही. मी घातलीच नव्हती.

माझी कामाची एक रीत आहे. चाक काढलं की नट, बूश, वायसर, पिना, सगळं नारळाच्या करटीत टाकायचं. जोडताना करटीतून एकेक उचलायचं. शेवटी करटी रिकामी दिसली की काम झालं. कान गेल्यापासून तीच माझी परीक्षा. खडखड ऐकू येत नाही, म्हणून करटी बघतो.

दुसरं असं की कोणी बोलायला लागलं की मला त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. ओठ बघितल्याशिवाय कळत नाही. त्या शुक्रवारी तुषार समोर स्टुलावर बसून बोलत होता. मी चाक बसवत होतो, पट्टीचा बोल्ट घातला, नट चढवला, आणि तो असं काही बोलला की मी मान वर केली ती वरच राहिली. म्हणाला, “मामा, मटको सोडून तीन म्हयने जाले. सुविधाक अजून सांगूंक ना. दसऱ्याक सांगतलों.” मला इतका आनंद झाला की मी त्याचे दोन्ही खांदे काळ्या हातांनी धरले. नट शेवटचा आवळला की नाही तेसुद्धा मला आठवत नाही. पिन करटीतच राहिली.

एरवी मी गाडी स्वतः एक फेरी मारून बघतो. त्या दिवशी त्याने मारू दिली नाही. नवीन टायरचा पहिला फेरा राखणदाराकडे, नारळ देऊन, असं तो म्हणाला. मीही म्हटलं बरं.

संध्याकाळी करटी उचलली तर तळाशी पिन. तेव्हाच माणूस धाडायला हवा होता. मी म्हटलं, सकाळी बघू. सकाळी शेजारच्या रामचंद्राकडून त्याला फोन करवला : पिन राहिलीय, तात्पुरता बायकोच्या केसातला आकडा घाल. आकडा हा शब्द माझा आहे, सुविधा. तो तुझ्याकडे माझ्यामुळे मागायला आला.

आता पुढचं नीट वाच. दहा मिनिटांनी त्याचा परत फोन आला. रामचंद्र मला पाटीवर खडूने लिहून दाखवतो. त्याने लिहिलं : तुषार हासता. आकडो मागलो, ती मटक्याचो समजली, म्हणाली मसणात जा. रामचंद्राने त्याला विचारलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाला, “सांजेक सांगतां. मटको सोडल्याचें आनी ह्या आकड्याचें, दोनूय एकदम. तिचें तोंड पळोवंक जाय.” रामचंद्र पाटी पुसून पुसून लिहीत होता आणि आम्ही दोघेही हसत होतो.

तो रागाने गेला नाही. हसत गेला.

आणि मी रामचंद्राला म्हटलं, त्याला सांग तसाच ये सुर्ल्याला, मी घालतो. तसाच ये, असं म्हटलं. आज तुला लिहितो पिनेशिवाय दारातून काढू नकोस, आणि त्याला मी पिनेशिवाय बोलावला. मी पिन हातात घेऊन गाराजाच्या दारात उभा होतो. दोन तास उभा होतो.

बाराव्याला माझ्या घशाखाली घास उतरला नसता. पंचनाम्यात ‘वळणावर ताबा सुटला’ असं लिहिलं, मी ते तसंच राहू दिलं. तुलाही खोटं लिहिलं, आपटल्यावर सुटली असेल म्हणून. तुला पाठवली ती पिन नवी आहे. जुनी अजून करटीत आहे. गाराज तेव्हापासून उघडलेलं नाही.

चाक तू धरलं नाहीस. प्रभावतीला सांग, तिच्या भावाने धरलं.

यशवंत


हळर्ण
२४ मार्च २०२५

मामा,

महिन्याहून जास्त झाला. तुम्हाला वाटलं असेल मी बांद्याला गेले. मी गेले नाही, पण तुमचं पत्र तांदळाच्या डब्यात खाली पुरून ठेवलं होतं आणि रोज वरचे तांदूळ काढताना हात त्याला लागत होता.

मी तुमच्यावर रागावले आहे. पिनेसाठी नाही. हात चुकतो, माझीही जीभ चुकली. तो हसत गेला हे तुम्हाला साडेचार महिने ठाऊक होतं, आणि मी इथे दुपारी दाराला कान लावून त्याच्या रागाचा आवाज ऐकत बसले होते. तो निरोप माझा होता, मामा. फणसाखाली बसला होतात तेव्हाच तो तुम्ही द्यायला हवा होता. पाटीवर लिहून दिला असता तरी चाललं असतं.

सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं. माझं आधी सांगितलं, मग तुमचं वाचलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “बाराव्याक तो जेवंक ना, तेन्नाच माका कळपाक जाय आसलें.” मग विचारलं, “म्हजो पूत हासत गेलो?” मी हो म्हटलं. त्यांनी तेवढंच पुन्हा दोनदा विचारलं आणि मी दोनदा सांगितलं. त्यानंतरच्या रविवारी त्या वळणावर रोट घेऊन गेल्या, पण परत येऊन पहिल्यांदाच गाडीकडे तोंड करून बसल्या.

दुपारचा आवाज अजून येतो. साईशभावजी म्हणतात पत्रा उन्हाने तापतो. असेल. मला आता भीती वाटत नाही, आवाज आला की मी ‘बरां रे’ म्हणते.

येत्या रविवारी पाडवा. आमच्याकडे यंदा सण नाही, म्हणून मी मोकळी आहे. गाडी घेऊन सुर्ल्याला येतेय. बोल्ट तुमचाच घातलाय, नट साईशभावजींनी जीव लावून आवळलाय. तुमची नवी पिन मात्र घातलेली नाही. त्या भोकात माझ्या केसातला आकडा घातलाय, पाय वाकवून. तुम्हीच सांगितलं होतंत ना, तात्पुरता चालतो? किल्ल्यामागे चार दिवस चालवून पाहिली. झाकण जागचं हललं नाही. सुर्ल्यापर्यंत हळू येईन, साईशभावजी त्यांच्या गाडीवरून मागे असतील. घुमटीपाशी थांबून नारळ देईन. त्याचा फेरा तिथेच अर्धा राहिलाय.

सासूबाईंनी डबा दिलाय. म्हणतात, यशवंताचें बाराव्याचें पान उरलां.

गाराज उघडून ठेवा. माझा आकडा काढा आणि करटीतली ती जुनी पिन तुमच्या हाताने घाला. मी समोर स्टुलावर बसेन. पण पिन घालताना माझ्या तोंडाकडे बघू नका, मी काहीच बोलणार नाही. करटी रिकामी झाली की मग आपण बोलू.

सुविधा